एमिनंटचे तीन डबे

या माणसाबद्दल काहीतरी लिहा, असं मला आजवर निदान चार जणांनी सांगितलं. दर वेळी मी ते डोळ्यांवर ढकललं. आधी मोतीबिंदू होता म्हणून जमत नव्हतं, नंतर मोतीबिंदू काढला म्हणून जमत नव्हतं. खरं कारण डोळ्यांत नव्हतंच. सरांबद्दल लिहायचं म्हणजे एका पुस्तकाबद्दल लिहावं लागणार, आणि त्या पुस्तकावर माझं नाव आहे. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम. म्हणजे कारणं संपली.

परळच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघं इंग्रजी शिकवायचो. सर माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, आवाज मात्र मैदानापलीकडे जाणारा. बुशशर्टाला दोन्ही बाजूंना खिसे, तेही शिंप्याकडून मापं देऊन शिवून घेतलेले. डाव्या खिशात शाईचं पेन, उजव्या खिशात एक कोरं कार्ड. ते कार्ड नेहमी कोरंच असायचं. घामाने मऊ पडलं की सर ते टाकून नवं ठेवायचे. त्या कार्डाबद्दल पुढे सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

मुलं त्यांना ‘एमिनंट सर’ म्हणत. त्यांच्या समोरही म्हणत.

नाव पडलं त्याला कारण एक सहावीतली मुलगी. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापून आली होती आणि तिच्यावर प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी इंग्रजीत ‘एमिनंट सोशल वर्कर’ असं होतं. मुलीने हात वर केला. “सर, एमिनंट म्हणजे काय?” सर म्हणाले, “फार मोठा, मान असलेला.” मुलगी म्हणाली, “पण सर, हे आमच्याच चाळीत राहतात. ते काहीच करत नाहीत.”

दुसरा कुणी शिक्षक असता तर मुलीला खाली बसवलं असतं. सरांनी पाहुण्यांची चौकशी सुरू केली. आठवडाभर त्या चाळीत जाऊन माणसांना विचारलं, यांनी काय केलं, कधी केलं, तुम्ही पाहिलं का. शेवटी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. “अहो, पाहुणे आहेत आपले!” सर म्हणाले, “पाहुणे आहेत याला माझी हरकतच नाही. एमिनंट आहेत का, एवढंच बघतोय.”

तेव्हापासून तो शब्द त्यांना चिकटला, किंवा ते शब्दाला चिकटले.

शब्दकोशातला अर्थ त्यांना पटत नसे. “उंच जागी उभा असलेला, म्हणे. पण उभा कशावर? स्टुलावर?” त्यांना त्या शब्दाचं मूळ आवडायचं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होतो बाहेर आलेला, पुढे डोकावणारा. हे ते ज्या पद्धतीने शिकवत ते आमच्या शाळेत तीस वर्षं गाजलं. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला उभं करायचे. “हा टॉल. एमिनंट नाही. बस खाली.” मग तिसऱ्या बाकापाशी जायचे. त्या बाकाचा एक खिळा वर आलेला होता आणि त्याने निम्म्या वर्गाच्या चड्ड्या फाडल्या होत्या. “हा खिळा एमिनंट! याला कुणी पुढे केलेला नाही, याची कुणी पत्रिका छापलेली नाही. हा आपला आपण वर आलाय, आणि येता-जाता प्रत्येकाला याची दखल घ्यावीच लागते.” शाळेने तो खिळा ठोकायला सुतार बोलावला तेव्हा सरांनी अर्ज देऊन तो थांबवला. अर्जात लिहिलं होतं, ‘सदर खिळा शैक्षणिक साहित्य आहे.’

सरांची कामाची पद्धत ठरलेली होती. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून ते कार्डं करत. पाठीवर अर्धा गणपती किंवा ‘आपले नम्र’ आणि पुढे सरांचं बारीक अक्षर. शहरात कुठेही एमिनंट हा शब्द दिसला की कार्ड. कुठे दिसला, कुणी म्हटला, कुणाबद्दल म्हटला, आणि म्हणणाऱ्याचा त्यात काय फायदा. ही शेवटची ओळ ते लाल शाईने लिहीत. नंतर त्या शब्दाची भावंडंही आली. प्रॉमिनंट, डिस्टिंग्विश्ड, रिनाउन्ड. पण मूळ देव एमिनंटच.

कार्डं तीन बिस्किटांच्या डब्यांत राहत. पहिल्या डब्यात ज्यांनी स्वतःच स्वतःला एमिनंट म्हटलं ते. दुसऱ्यात ज्यांना दुसऱ्या कुणी काहीतरी मिळण्यासाठी म्हटलं ते. तिसऱ्यात मेल्यानंतर म्हटलेले. तिसरा डबा सगळ्यात लवकर भरायचा. सर रोज सकाळी कात्री घेऊन निधनवार्ता वाचत. “गेल्यावर सगळे एमिनंट! आणि आदल्या दिवसापर्यंत एकही नाही. एका रात्रीत होतं तरी काय या माणसांना?”

“मग खरा वापर कुठला, सर?” मी एकदा विचारलं.

त्यांनी उजव्या खिशावर थाप मारली. “तो या कार्डावर येईल. तीन अटी. ज्याच्याबद्दल म्हटलं तो जिवंत हवा. त्याच्या पाठीमागे म्हटलेलं हवं. आणि म्हणणाऱ्याला त्यातून काहीही मिळता कामा नये. असा एक वापर सापडू दे, माझं पुस्तक पुरं झालं.”

पुस्तक त्यांना करायचंच होतं. मोठेपणाच्या इंग्रजी शब्दांवर, मराठी मुलांसाठी, आपल्या गल्लीतली उदाहरणं देऊन. “लंडनच्या उदाहरणांनी आपल्या पोरांना काय कळणार?” त्यांचं एक उदाहरण मी आजही कुणालाही ऐकवतो. मंडळाच्या वर्गणीच्या यादीत ज्याचं नाव सगळ्यात वर, तो प्रॉमिनंट. ज्याच्या दारात वर्गणी मागायला जाताना कार्यकर्ते आधी शर्ट खोचतात, तो डिस्टिंग्विश्ड. आणि जो नुसतं “यंदा मूर्ती लहान करा” म्हणतो, आणि भांडण न होता मूर्ती लहान होते, तो एमिनंट.

“असा कोण आहे लालबागमध्ये?” मी विचारलं.

“मूर्ती लहान झालेली पाहिलीत कधी?” सर म्हणाले.

शनिवारी शाळा अर्धी. मग आम्ही दोघं शब्द शोधायला निघायचो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या दुपारी त्या. गिरगावात एका दारावर ‘एमिनंट टेलर्स’ दिसलं, तर सरांनी आत जाऊन मालकाला विचारलं की तुमच्यापेक्षा चांगला शिंपी या गल्लीत कोण. त्याने प्रामाणिकपणे समोरच्याचं नाव सांगितलं. सरांनी समोरच्याकडे शर्ट शिवायला टाकला आणि कार्ड या टेलरचं केलं.

दादरला एका ज्योतिषाच्या पाटीवर ‘एमिनंट ॲस्ट्रॉलॉजर’ होतं. सर चपला काढून आत जाऊन बसले. मी दारातच.

“आपल्याला एमिनंट कुणी म्हटलं?” सरांनी विचारलं.

“लोक म्हणतात.”

“कोण लोक? एखादं नाव सांगता?”

ज्योतिषी जरा मागे सरकला. “तुम्ही इन्कम टॅक्सवाले का?”

“नाही हो. मी इंग्रजीवाला.”

हे ऐकून तो आणखी घाबरला. शेवटी म्हणाला, “खरं सांगू का? पेंटरने टाकला तो शब्द. म्हणाला, एवढी मोठी पाटी, नाव छोटं, मध्ये जागा उरतेय, बरं दिसत नाही. मी म्हटलं, टाक.”

सर इतके खूश झाले की त्याला हात दाखवून बाहेर आले. पण कार्ड अडलं. ज्योतिषाने स्वतःला म्हटलेलं नाही, म्हणजे पहिला डबा बाद. पेंटरने म्हटलं, पण त्याचा फायदा काय? दोन दिवस सर अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “पाटी भरल्यासारखी दिसते, हा पेंटरचा फायदा. दुसरा डबा!” आणि निश्चिंतपणे डबा उघडून पोहे खाल्ले.

राहायला ते लालबागला चाळीत. डबे पलंगाखाली. वहिनी मूळच्या कुडाळकडच्या. दर दिवाळीला साफसफाईत डबे बाहेर निघत आणि तोच संवाद होई. “ह्ये डबे आता खंय ठेवूचे? माझ्या डोक्यार?” सर म्हणत, “ठेव. तेवढीच उंची येईल त्यांना.” वहिनी माझ्याकडे वळून म्हणत, “ऐकलास? चाय घेतल्याशिवाय जावचा नाय हां.” त्यांच्या मते सरांच्या वेडावर एकच औषध होतं, पाहुण्याला चहा.

ख्रिस्ती धर्मगुरूंमध्ये फार वरच्या पदावरच्यांना ‘युअर एमिनन्स’ म्हणतात, हे सरांना समजलं आणि त्यांनी त्याचं वाटप सुरू केलं. चाळीला पाणी सोडणारा माणूस चावी फिरवायला आला की सर गॅलरीतून, “गुड मॉर्निंग, युअर एमिनन्स!” तो हात वर करायचा. शीव कोळीवाड्याहून मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी मात्र पहिल्या दिवशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मास्तर, शिवी तर देत नाय ना?”

“छे छे. फार मोठा मान आहे हा.”

“व्हय? मग आज घासाघीस करू नका.”

सरांनी त्या दिवशी घासाघीस केली नाही. पुढे कधीच केली नाही. वहिनी म्हणायच्या, हा एक शब्द आमच्या घराला बांगड्यापासून पापलेटापर्यंत सगळ्यात महाग पडला.

आता ते सांगतो, जे सांगायला एवढी वर्षं लागली.

एका मे महिन्यात चाळीच्या छपराचं काम निघालं. सर कुटुंबासकट गावी निघाले होते. खोलीत माती पडणार, डब्यांत जाणार, म्हणून त्यांनी तिन्ही डबे माझ्या दादरच्या घरी आणून ठेवले. “सांभाळा. वाचायला हरकत नाही. फक्त क्रम बदलू नका.”

मी वाचायला लागलो आणि उठलोच नाही. इतकं सुंदर, इतकं हसवणारं, आणि इतकं काटेकोर काम मी पाहिलं नव्हतं. मला रागही आला. हा माणूस त्या एका कोऱ्या कार्डापायी हे सगळं पलंगाखाली कुजवणार. मी ते वहीत उतरवायला घेतलं, प्रकरणं पाडली. पहिला आठवडा मी हे सरांसाठी करत होतो. त्यांना जूनमध्ये तयार पुस्तक हातात द्यायचं, चकित करायचं. यात खोटं काही नाही. पण पहिल्या आठवड्यानंतर तीन आठवडे होते.

गिरगावात गाईडं छापणारा एक प्रकाशक माझ्या ओळखीचा होता. त्याने वही चाळली, दोनदा हसला, आणि म्हणाला, “झकास आहे. लेखक कोण?”

मी म्हणालो, “मी.”

एवढंच. विचार करायलाही वेळ लागला नाही, याचंच मला आजवर नवल वाटतं.

प्रस्तावनेत मी सरांचं नाव घातलं होतं. दीड ओळ होती. ‘या उदाहरणांचे मूळ संग्राहक’ असं लिहिलं होतं. प्रुफं आली तेव्हा प्रकाशकाचा निरोप होता, मजकूर नव्या पानावर जातोय, दोन ओळी कुठेतरी कमी करा. पुस्तक शंभराहून अधिक पानांचं. कुठूनही कमी करता आल्या असत्या. मी लाल पेन घेतलं आणि ती दीड ओळ खोडली. मग मागच्या कव्हरवर लेखकाची माहिती हवी होती, इंग्रजीत. प्रकाशक म्हणाला, “तुम्हीच लिहा ना, तुमचं इंग्रजी चांगलं.” मी माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या. तीन डबे घरात उघडे पडलेले असताना, त्यातलं प्रत्येक कार्ड वाचून झालेलं असताना, मी स्वतःच्या हाताने स्वतःला ‘ॲन एमिनंट टीचर ऑफ इंग्लिश’ असं लिहिलं.

शाळा उघडली. गाईडांच्याच घाईने छापलेलं पुस्तक टीचर्स रूममध्ये टेबलावर पडलेलं. सरांनी ते उचललं. दिवसभर रिकाम्या तासाला वाचत होते. मी त्या दिवशी नको तितक्या वेळा खडू आणायला ऑफिसात गेलो. शाळा सुटल्यावर ते माझ्यापाशी आले. पुस्तकातून कागदाच्या पट्ट्या बाहेर आलेल्या.

“अकरा चुका आहेत,” ते म्हणाले.

मी उभा राहिलो. “सर, मी…”

“पान तेवीस. तो पेंटर दादरचा. तुम्ही गिरगावचा केलात. गिरगावच्या पेंटरवर अन्याय नको. पान एकतीस, हे रिनाउन्डचं उदाहरण आहे, डिस्टिंग्विश्डमध्ये आलंय. पान चाळीस…” अशा अकराच्या अकरा सांगितल्या. मी लिहून घेतल्या. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. डबे न्यायला रविवारी येतो.”

रविवारी आले, चहा प्यायले, कार्डांचा क्रम तपासला, डबे घेऊन गेले. मी बाहेर फाटकापर्यंत गेलो. तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात समोरच्या भिंतीवर एका उमेदवाराचं पोस्टर दिसलं, ‘एमिनंट सन ऑफ दादर’. सरांनी डबे माझ्या हातात दिले आणि पेन काढलं. त्या कार्डापायी माझं वाक्य राहिलं.

पुस्तक चाललं. स्पर्धापरीक्षांच्या क्लासात लागलं. दर आवृत्तीला सर पट्ट्या लावून प्रत आणून देत. चौथ्या आवृत्तीला एकच पट्टी होती, आणि त्यांनी मला शाबासकी दिली! त्यांनी भांडण काढलं असतं, बोलणं टाकलं असतं, तर मी सुटलो असतो. त्यांनी काहीच बदललं नाही. शनिवारच्या फेऱ्या चालू, नवी कार्डं मला आधी वाचून दाखवणं चालू. फरक एकच झाला. ‘माझं पुस्तक’ हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. कोरं कार्ड मात्र खिशात होतंच.

आणि प्रत्येक आवृत्तीला मला वाटे, आता त्यांचं नाव घालू. मग वाटे, आधी का नव्हतं, असं कुणी विचारलं तर? एक आवृत्ती जितकी जुनी होई तितकं उत्तर अवघड होई. मी मुख्याध्यापक झालो. सत्कारांना, बक्षीससमारंभांना बोलावणी यायची. ‘एमिनंट’ म्हणून माझी ओळख करून दिली की मी नकळत पहिल्या रांगेत बघायचो, सर आलेत का.

सर निवृत्त झाले, मागोमाग मीही. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, सर सतराव्या मजल्यावर गेले. फार हसायचे त्यावर. “एवढं शब्दामागे धावलो, शेवटी लिफ्टने वर आलो. उंच उभा आहे, पण बिल्डरने केलेला. दुसरा डबा!” पाण्याची चावी फिरवणारा आता नव्हता, पंप होता. सर लिफ्टमनला युअर एमिनन्स म्हणत. तो रोज त्यांच्यासाठी दार धरून ठेवायचा.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दादरच्या एका हॉलमध्ये मेळावा केला. मला व्यासपीठावर बसवलं. सरांचे गुडघे धरले होते, ते आले नव्हते. माझं भाषण झालं, पुस्तकाबद्दल चार शब्द झाले. मग मागून एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, बँकेत अधिकारी.

“सर, पुस्तकातला तो खिळा आहे ना, तिसऱ्या बाकाचा… तो तर आमच्या एमिनंट सरांचा! तुम्हाला कुठून मिळाला?”

हॉलमध्ये हशा झाला. कुणी ओरडलं, “माझी चड्डी फाडलीय त्याने!” पुन्हा हशा. तिच्या विचारण्यात आरोप नव्हता. तिला नुसती आठवण झाली होती. माईक माझ्या हातात होता. सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. मी म्हणालो, “अहो, आम्ही सगळे सहकारी मिळूनच तेव्हा…” आणि मग काहीतरी शाळेच्या परंपरेबद्दल बोललो. टाळ्या पडल्या.

हॉलमधून बाहेर पडून फुलबाजारातून चालत होतो. हातात सत्काराचा हार. आणि मी मध्येच थांबलो. मागचा माणूस म्हणाला, “ओ काका, बाजूला व्हा ना.” मी बाजूला झालो आणि एका टोपलीपाशी उभा राहिलो. सर जिवंत होते. हॉलमध्ये नव्हते. आणि मी त्या माईकवरून ‘खिळा सरांचा आहे, पुस्तकही त्यांचं आहे, एमिनंट शिक्षक ते होते, मी नाही’ असं म्हटलं असतं, तर मला काहीही मिळालं नसतं, होतं तेही गेलं असतं. तिन्ही अटी पुऱ्या होत्या. पाचशे माणसं साक्षीला होती. जे कार्ड त्यांनी आयुष्यभर खिशात बाळगलं ते भरायला माझं एक वाक्य हवं होतं, आणि मी परंपरेबद्दल बोललो.

पुढच्याच रविवारी मी सतराव्या मजल्यावर गेलो. लिफ्टमध्ये वाक्य म्हणत गेलो. दार उघडलं तर सर समोरच, वॉकर धरून.

“बरं झालं आलात. एक कार्ड कधीचं अडलंय.”

आत तिन्ही डबे टेबलावर मांडलेले. त्यांनी एक पिवळं पडलेलं कार्ड पुढे केलं. माझ्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचं वाक्य. ‘ॲन एमिनंट टीचर ऑफ इंग्लिश’. कुठे, कुणाबद्दल, सगळं भरलेलं. ‘कुणी म्हटलं’ ही जागा रिकामी.

“हे कुणी लिहिलं होतं हो?” सरांनी विचारलं. पेन उघडून बसले होते.

घरात वहिनी भांडी लावत होत्या. मी खिडकीबाहेर बघितलं. सतराव्या मजल्यावरून आपली शाळा काडेपेटीएवढी दिसते.

“प्रकाशकाने,” मी म्हणालो.

“खात्री आहे?”

“हो, सर.”

सरांनी कार्ड पुन्हा स्वतःकडे ओढलं. मग पेन बंद केलं, टेबलावरून काहीतरी शोधून उचललं, तीन शब्द लिहिले आणि कार्ड दुसऱ्या डब्यात टाकलं. “चला, सुटलं एक.” मग वहिनींनी घावणे आणले, नारळाचा रस आणला. सरांनी लिफ्टमनच्या मुलीला इंग्रजीत किती मार्क मिळाले ते सांगितलं. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी. निघताना वहिनी म्हणाल्या, “येत ऱ्हवा हां. तुमी इलास की ह्ये जरा बरे आसतत.”

मी परत गेलो तेव्हा सर नव्हते.

त्यांच्या मुलाने डबे माझ्याकडे आणून दिले. “बाबांनी सांगून ठेवलं होतं, काका. क्रम बदलू नका म्हणालेत.” वर एक पाकीट होतं. आत कोरं कार्ड, त्यांच्या शेवटच्या शर्टाच्या खिशातलं.

मी दुसरा डबा उघडला. माझं कार्ड वरच होतं. ‘कुणी म्हटलं’ या जागी ‘प्रकाशक’ लिहिलं होतं, कोपऱ्यात ‘डबा दुसरा’. पेन्सिलीने. हजारो कार्डांत सरांनी पेन्सिल कधी वापरली नव्हती. शाई ही त्यांची सवय नव्हती, तत्त्व होतं. खोडायची सोय त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती.

मी खोडरबर आणून खोडलं. शाईने माझं नाव लिहिलं आणि कार्ड पहिल्या डब्यात टाकलं. सरांनी सांगितलेला क्रम मी तेवढ्यापुरताच बदलला. मग प्रकाशकाच्या मुलाला पत्र लिहिलं, आता धंदा तो बघतो. नव्या आवृत्तीवर सरांचं नाव येईल. माझं काढायला सांगितलंय, मागच्या कव्हरसकट. त्याचा फोन आला, “काका, एवढ्या वर्षांनी कशाला?” मी त्याला हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. सरांचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते पुस्तकावर वाचा, त्याची जागा तिथे आहे.

कोरं कार्ड अजून टेबलावर आहे. मी दोनदा पेन उघडलं. आता मी त्यांना एमिनंट म्हटलं तर ते पाठीमागे म्हटलेलं होईल, फायदाही काही नाही. पण पहिली अट मोडते. माणूस जिवंत हवा. आता मी लिहीन ते तिसऱ्या डब्यात जाईल, निधनवार्तांच्या शेजारी, आणि सर मला तिथे बघून नक्की हसतील. म्हणून कार्ड कोरंच ठेवलंय.

लिफ्टमध्ये मी जे पाठ केलं होतं ते फार मोठं नव्हतं. तळमजल्यापासून सतराव्यापर्यंत चार वेळा म्हणून झालं होतं. ‘सर, ते पुस्तक तुमचं आहे. तुमचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. माझं चुकलं.’